नेमका प्रश्न, नेमके माप: कर्करुग्णाची जीवनगुणवत्ता आणि संगणकीय अनुकूली चाचणी

कर्करोगावरील उपचारांचे यश दीर्घकाळ दोनच गोष्टींवरून ठरवले जाई: गाठ किती आक्रसली आणि रुग्ण किती काळ जगला. तो काळ त्याने कसा काढला, याची नोंदही बहुधा डॉक्टरच करीत. वस्तुतः वेदना, थकवा, उडालेली झोप आणि मनाची तगमग यांचा खरा साक्षीदार रुग्ण स्वतःच असतो. त्याची साक्ष नेमकेपणाने नोंदवली जावी, पण ती देताना त्याची उरलीसुरली शक्ती खर्ची पडू नये, या दोन अपेक्षा एकमेकींच्या आड येतात. त्यांचा मेळ घालण्याचा आजवरचा सर्वांत आश्वासक मार्ग म्हणजे संगणकीय अनुकूली चाचणी, हे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

ब्रुसेल्स येथे मुख्यालय असलेल्या ईओआरटीसी या युरोपीय कर्करोग संशोधन संस्थेची ‘क्यूएलक्यू-सी३०’ ही प्रश्नावली १९९३ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे जगभर रूढ झाली. तीत ३० प्रश्न असून बहुतेकांना ‘मुळीच नाही’पासून ‘खूप’पर्यंत चार पर्यायांतून उत्तर द्यायचे असते. शारीरिक क्षमतेसाठी तीत पाच प्रश्न आहेत. जड पिशवी उचलून नेण्यासारख्या कष्टाच्या कामांपासून ते खाणे, कपडे घालणे, अंग धुणे यांसाठी लागणाऱ्या मदतीपर्यंत त्यांचा आवाका आहे. ज्याला अंथरुणातून उठवतही नाही, त्यालाही लांबवर चालण्याविषयी विचारले जाते, आणि जो उपचार संपवून कामावर रुजू झाला आहे, त्याला आंघोळीस मदत लागते का, असे विचारले जाते. पहिल्याच्या मनाला हा प्रश्न लागतो. दुसरा पाचही प्रश्नांना अनुकूल उत्तरे देऊन मोजपट्टीच्या वरच्या टोकाला पोहोचतो, आणि त्यापुढील सुधारणा किंवा बारीकशी घसरण मापात येतच नाही.

या अडचणीवरील तोडगा प्रश्न-प्रतिसाद सिद्धान्तात सापडतो. डॅनिश गणिती गेओर्ग रॅश यांचा १९६० साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ त्याच्या पायाभूत ग्रंथांपैकी एक आहे. प्रश्नाची काठिण्यपातळी आणि व्यक्तीची क्षमता ही दोन्ही एकाच मोजपट्टीवर मांडता येतात, हे या सिद्धान्ताचे सार होय. एकाच गुणाविषयीचे अनेक प्रश्न मोठ्या रुग्णसंख्येवर तपासून अशा पट्टीवर बसवले की त्यांची ‘प्रश्नपेढी’ तयार होते. चाचणीत संगणक सामान्यतः मध्यम पातळीचा प्रश्न आधी विचारतो. थोडेसे चालतानाही खूप त्रास होतो असे उत्तर आले, तर पुढचा प्रश्न अंथरुणातून उठण्याविषयीचा असू शकतो; मुळीच त्रास होत नाही असे उत्तर आले, तर जिने चढण्याविषयीचा. तोंडी परीक्षा घेणारा अनुभवी शिक्षक उत्तराचा अंदाज घेऊन पुढचा प्रश्न बदलतो, तशीच ही रीत आहे. प्रत्येक उत्तरागणिक अंदाज सुधारत जातो, आणि त्यातील संभाव्य त्रुटी ठरावीक मर्यादेच्या आत आली किंवा प्रश्नांची ठरवलेली संख्या पुरी झाली की चाचणी थांबते. दोन रुग्णांना वेगवेगळे प्रश्न विचारले गेले, तरी सर्व प्रश्न एकाच पट्टीवर बसवलेले असल्याने त्यांच्या गुणांची तुलना करता येते.

ईओआरटीसीने या पद्धतीने ‘कॅट कोअर’ ही चाचणी घडवली असून तिची माहिती २०१८ साली प्रसिद्ध झाली. शारीरिक क्षमता, भावनिक स्थिती, थकवा, वेदना, भूक, आर्थिक अडचण अशा १४ अंगांसाठी तीत एकूण २६० प्रश्न आहेत, मात्र एका रुग्णाच्या वाट्याला त्यांतील मोजकेच येतात. सी३० मधील मूळ प्रश्न पेढीत राखल्यामुळे जुन्या अभ्यासांशी असलेला दुवाही तुटत नाही. माप अधिक नेमके झाल्याने उपचारांतील फरक कमी रुग्णसंख्येतही दिसून येऊ शकतो.

मराठीत या कामाचा पाया घातला गेला आहे. डोके व मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांवर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात हिंदी व मराठी सी३० ची विश्वासार्हता तपासण्यात आली आणि तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. मात्र प्रश्नपेढीला नुसते भाषांतर पुरत नाही. सारखीच क्षमता असलेले दोन भाषांतील रुग्ण एखाद्या प्रश्नाला पद्धतशीरपणे वेगळे उत्तर देत असतील, तर तो प्रश्न दोन्हीकडे सारखे मोजत नाही. म्हणून प्रत्येक प्रश्नाची सांख्यिकीय पारख पुन्हा करावी लागते. जमिनीवर मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, पाण्याची घागर उचलणे या हालचालींत ज्यांचा दिवस जातो, त्यांची क्षमता कोणत्या प्रश्नांनी उमगेल, हे त्यांच्याशीच बोलून ठरवले पाहिजे. ज्यांना वाचता येत नाही किंवा पडद्यावर बोट ठेवण्याचा सराव नाही, त्यांना प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्तीही हवी.

उत्तरे नोंदवून ठेवणे एवढ्यावर हे काम संपत नाही. न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात, केमोथेरपी घेणाऱ्या ७६६ रुग्णांपैकी काहींनी आपली लक्षणे संगणकावर कळवली, आणि त्रास वाढताच परिचारिकांना सूचना गेली. २०१७ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार या गटातील रुग्णांचा मध्यक जीवितकाळ ३१.२ महिने, तर नेहमीच्या पद्धतीने देखरेख झालेल्यांचा २६ महिने होता. तेथील प्रश्नावली अनुकूली नव्हती, पण रुग्णाचे उत्तर वेळेवर योग्य व्यक्तीकडे पोहोचले की काय साधते, हे तिने दाखवून दिले. म्हणून अनुकूली चाचणी स्वीकारणाऱ्या रुग्णालयाने प्रश्नपेढीइतकीच काळजी एका गोष्टीची घ्यावी: आलेले उत्तर त्याच दिवशी कोण वाचणार आणि त्यावर काय करणार, हे आधीच ठरलेले असावे.