सैल सोडण्याचं बळ

आज काळजाविषयी बोलायचं आहे. आम्ही कवी मंडळी या अवयवाला कित्येक शतकं राबवून घेत आलो आहोत. मराठीत काळीज म्हणजे हृदय. आमच्या घरच्या दखनीत कलेजा म्हणजे खरं तर यकृत. पण हिंमत दाखवायची वेळ आली की दोन्ही भाषांचा हात छातीवरच जातो. प्रेम, माया, भीती, सगळं आपण तिथं ठेवलं. आणि एखादा धडधाकट तरुण कामात असताना अचानक कोसळला, की आपण म्हणतो, नजर लागली, करणी झाली, आयुष्यच तेवढं होतं. काळीज हा स्नायू आहे, तो कसा राबतो आणि कुठं अडतो हे माणसानं बरंचसं शोधून काढलं आहे, ही गोष्ट मात्र आपल्या बोलण्यात येत नाही.

हृदय मिनिटाला साधारण ७० वेळा, म्हणजे दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकसतं आणि सैल पडतं. आकसतं म्हणजे नेमकं काय होतं? १९५४ साली शास्त्रज्ञांच्या दोन वेगवेगळ्या जोड्यांनी याचं उत्तर दिलं. अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्क ही एक, ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन ही दुसरी. स्नायूत दोन प्रकारचे धागे असतात, एक जाड, एक बारीक. स्नायू आकसतो तेव्हा धागे आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. जाड धागा मायोसिन नावाच्या प्रथिनाचा. त्याला असंख्य इवले हात असतात. हे हात बारीक धागा पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पुढं पकडतात. आडातून पाणी शेंदताना आपण दोर ओढतो, अगदी तसंच.

पण हे हात मनाला येईल तेव्हा दोर धरत नाहीत. मध्ये एक नाका आहे. नाका म्हटलं की हिंगोलीकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. वाशीमच्या वाटेवरच्या कनेरगाव नाक्याच्या नावातच तो आहे. अलीकडं निजामाचं राज्य आणि पलीकडं इंग्रजांच्या कारभारातलं वऱ्हाड होतं, तेव्हा करोडगिरी भरल्याशिवाय माल सीमेपार जात नसे. हृदयाच्या पेशीतला पहारेकरी म्हणजे ट्रोपोनिन. कॅल्शियम आलं की तो वाट मोकळी करतो. कॅल्शियम मागं फिरलं की वाट बंद. छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात गेल्यावर रक्ताची जी ट्रोपोनिन टेस्ट करतात, ती याच पहारेकऱ्याची. हृदयाचा स्नायू जखमी झाला की तो पेशीतून निसटून रक्तात सापडतो.

कॅल्शियमचं हे मोल १८८०च्या दशकात लंडनच्या सिडनी रिंगर यांना जवळजवळ योगायोगानं कळलं. मिठाच्या पाण्यात ठेवलेलं बेडकाचं हृदय ठोके देत होतं. पाणी नळाचं होतं. ऊर्ध्वपातित, म्हणजे अगदी शुद्ध पाणी घेतलं तर ठोके मंदावून थांबले. फरक होता नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा. आपल्या बोअरच्या पाण्यानं भांड्यावर पांढरा थर धरतो ना, त्यातही तेच असतं.

आता मला सर्वांत नवल वाटलेली गोष्ट सांगतो. धरलेला दोर सोडायला मायोसिनच्या हाताला एटीपी नावाचं इंधन लागतं. माणूस गेल्यावर हे इंधन तयार होणं थांबतं, हात दोर धरूनच राहतात आणि देह ताठरतो. मयताला गुसल देणाऱ्यांना हे ताठरणं ठाऊक असतं. म्हणजे पकड मरणानंतरही राहते. सोडणं मात्र जिवंत असेपर्यंतच जमतं. हृदयात रक्त भरतं ते सैल पडल्यावरच, आणि त्याच्या डाव्या कप्प्याच्या भिंतीला स्वतःचं रक्तही मुख्यतः याच विसाव्यात मिळतं. विसावा हा हृदयाच्या कामाचाच भाग आहे.

हा विसावा सांभाळणारं एक प्रथिन आहे. त्याचं लांबलचक नाव कार्डियाक मायोसिन बाइंडिंग प्रोटीन सी. मायोसिनचे सगळे हात एकाच वेळी कामाला लागू नयेत, काही विश्रांतीत राहावेत, हे ते पाहतं. ते बिघडलं की अनेक रुग्णांत हृदय जोरात आवळतं, पण नीट सैल पडत नाही. भिंत जाड होते. या आजाराला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी म्हणतात. तरुणांच्या अचानक मृत्यूमागच्या कारणांत तो एक आहे.

इथं आपला संबंध येतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतले डॉ. कुमारसामी थंगराज आणि देशविदेशातले त्यांचे सहकारी यांनी २००९ साली एक निष्कर्ष जाहीर केला. हे प्रथिन घडवणाऱ्या जनुकातली २५ अक्षरं भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत गळालेली आहेत. ५० जणांच्या एसटीत असे दोघं असू शकतात. जगात इतरत्र हा बदल जवळपास आढळत नाही. हजारो वर्षांपूर्वी कुणा एका पूर्वजात तो झाला आणि पिढ्यांमागून पिढ्या उतरत आला. त्यानं जात पाहिली नाही, धर्म पाहिला नाही, मराठी-तेलुगू पाहिलं नाही. आपण एकाच घरातले आहोत हे सांगायला आम्ही कवी किती शब्द खर्च करतो! इथं तर गळालेल्या अक्षरांनीच ते सांगून टाकलं.

घाबरून मात्र जाऊ नका. हा बदल असलेले सगळेच आजारी पडत नाहीत. त्या पहिल्या अभ्यासात हृदयस्नायूच्या आजाराचा धोका सुमारे सातपट दिसला होता. पुढच्या अभ्यासांनुसार हा बदल एकटाच असेल तर धोका बराच कमी असावा, सोबत दुसरा एखादा बदल असेल तर वाढावा. उपायही पुढं सरकले आहेत. मायोसिनच्या अति राबणाऱ्या हातांना आवरणारं मावाकॅम्टेन हे औषध या आजाराच्या एका प्रकारासाठी २०२२ साली अमेरिकेत मान्य झालं. धाग्यांचा आणि हातांचा हा शोध गोळीपर्यंत पोचायला जवळपास ७० वर्षं लागली.

तेव्हा एवढंच करा. आज घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आपल्या घराण्यात कुणी तरणंताठं अचानक गेलं होतं का? कुणाला चालताना दम लागतो, भोवळ येते का? उत्तर 'हो' आलं, तर ते नशिबाच्या खात्यावर लिहून मोकळे होऊ नका. डॉक्टरांना सांगा. हृदयाची सोनोग्राफी, जिला 'इको' म्हणतात, तिच्यात जाड झालेली भिंत दिसते, आणि सुई टोचावी लागत नाही. गेलेल्या माणसाबद्दल घरात बोलणं अवघड असतं, हे मला कळतं. पण त्याच्या जाण्याचं कारण कळलं, तर मागं राहिलेल्यांपैकी एखादा वाचू शकतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)