बालकांचा ताप आणि रक्ताचे आकडे
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मूल तापाने फणफणले की हल्ली लगेच रक्ततपासणी होते, आणि अहवालातील ठळक आकडे पाहून आईबापांचे काळीज चरकते. यांपैकी कोणत्या आकड्याला भ्यावे व कोणत्याला भिऊ नये, एवढाच आजचा विषय आहे.

विषाणुजन्य तापात पांढऱ्या पेशी पुष्कळदा घटतात. त्यांतील काही रक्तप्रवाह सोडून रोगग्रस्त भागात शिरतात, तर अस्थिमज्जेतील त्यांची निर्मितीही काही काळ मंदावते. प्लेटलेटही थोड्या उतरतात. बहुतेक मुलांत हे आकडे काही आठवड्यांत आपोआप पूर्ववत होतात. डेंग्यूची गोष्ट मात्र निराळी. त्यात ताप उतरण्याच्या सुमाराचे एक-दोन दिवसच जोखमीचे असतात. पोटात तीव्र दुखणे, सतत ओकाऱ्या, रक्तस्राव किंवा ग्लानी दिसल्यास मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

लोहाची कथा अधिक उद्बोधक आहे. अनेक रोगजंतूंना वाढीसाठी लोह लागते. म्हणून संसर्ग होताच यकृत हेपसिडिन नावाचे द्रव्य अधिक स्रवते. ते आतड्यातील लोहाचे शोषण रोखते आणि साठ्यातील लोह बाहेर पडू देत नाही. वेढा पडताच शहाणा किल्लेदार अंबारखान्याला कुलूप घालतो, तद्वतच हे होय. परिणामी रक्तातील लोह घटते. पण साठ्याचे माप मानले जाणारे फेरिटिन उलट वाढते, आणि खरोखर लोह कमी असलेले मूलही कागदावर संपन्न दिसते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पाच वर्षांखालील मुलांसाठी दोन मर्यादा सांगितल्या: निरोगी असता लिटरमागे १२ मायक्रोग्रॅम, संसर्ग असता ३०.

तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. सबब चार दिवसांच्या साध्या तापाने हिमोग्लोबिन फारसे ढासळत नाही. ते फार कमी आढळले तर ‘तापामुळे असेल’ म्हणून स्वस्थ बसू नये. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. यास्तव मूल बरे झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने फेरतपासणी करावी, आणि लोहाचे औषधही त्यांच्याच सल्ल्याने द्यावे. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळावे. जेवणाबरोबर चहा मात्र देऊ नये.

अखेरीस एक नाजूक गोष्ट. पार्व्होव्हायरस बी-१९ हा विषाणू तांबड्या पेशींची निर्मिती काही दिवस थांबवितो. निरोगी बालकास ते जाणवतही नाही. परंतु विदर्भात विशेष आढळणारा सिकलसेल विकार असलेल्या बालकाच्या पेशी मुळातच अल्पायुषी असल्याने त्याच्या प्राणांवर बेतू शकते. आपले विवाहसंबंध बहुधा ज्ञातीतच होतात. आईबाप दोघेही अशा विकाराचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव चारांत एक असतो. थॅलेसेमियाचेही तसेच. तेव्हा पत्रिका जुळविणाऱ्या वडीलधाऱ्यांनी वधूवरांच्या रक्ताची पत्रिकाही अवश्य पाहावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.