हँडल कुणाच्या हातात?

(ग्रामीण भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं हे भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावासमोर 'ऑइल इंजिनाची देखभाल' असं छापलेलं पाहून सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारलं, की छापण्यात काही घोटाळा झालाय का? कायदा, आरोग्य, रेशन, पाणी हे आपले नेहमीचे विषय. त्यात हे डिझेलचं इंजिन कुठून आलं? घोटाळा काही नाही. मी खरोखरच इंजिनाबद्दल बोलणार आहे. ज्यांना झोप येईल त्यांनी खुशाल भिंतीला टेकावं, पण हँडल धरण्याचा भाग आला की शेजारणीने त्यांना उठवावं.

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेताना दोन वर्षांत 'सक्षमीकरण' हा शब्द मी किती वेळा ऐकला त्याची गणती नाही. पान्हा मात्र एकदाही हातात आला नाही. तो आला कोकणात काम करायला लागल्यावर.

आमचं काम श्रीवर्धन-मंडणगड पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये चालतं. तिथली कर्ती पुरुषमाणसं मुंबईला. गावात बायका, म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. एका वाडीतल्या बचत गटाने बंद पडलेली भातगिरणी कर्ज काढून घेतली. गिरणी विजेच्या मोटरवर चालायची. वीज येण्यापूर्वीच्या काळातलं जुनं ऑइल इंजिन कोपऱ्यात प्लास्टिकखाली पडून होतं. कागदावर गिरणी बायकांची, त्यामुळे इंजिनही बायकांचंच. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, एवढाच काय तो बायकांचा आणि त्याचा संबंध. आणि ज्या बाईची पाळी असेल तिने तेवढंही करायचं नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं. हजारो खांब पडले. कितीतरी वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. विहिरीवरचा पंप बंद, मोबाइल बंद, दळण बंद. टाळेबंदीमुळे चाकरमानी गावीच होते. त्यांनी ते इंजिन पुसलं, जुना अल्टरनेटर आणून पट्ट्याने जोडला आणि रोज संध्याकाळी चार तास वीज दिली. पंप चालला, बॅटऱ्या चार्ज झाल्या. चांगलं काम केलं त्यांनी, त्याबद्दल वाद नाही. पण गणपती झाले, मुंबई हळूहळू उघडली, पुरुष परत गेले आणि इंजिन पुन्हा मुकं झालं. मालकीण गावात, इंजिन गावात, डिझेलचा कॅन गावात. नव्हती ती फक्त माहिती. ती मुंबईला गेली होती.

तेव्हा गटातल्या एक काकी म्हणाल्या, "ताई, आम्हाला कर्जाचे हप्ते भरायचं शिकवलंत, आता हे चालवायचं पण शिकवा." मला कुठे येत होतं? आम्ही तालुक्याच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांचं पहिलंच वाक्य, "ताई, हे बायकांचं काम नव्हे. हँडल उलटलं तर हात मोडेल." त्यावर एक वहिनी शांतपणे म्हणाली, "तुमचा नाही का हो मोडणार, काका?" मिस्त्री हसले आणि शिकवायला बसले.

आता इंजिन. ही जात मूळ इंग्लंडमधली. डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास ती बाजारात आणली. त्याच धर्तीची इंजिनं पुढे आपल्याकडे राजकोटला बनू लागली. एक सिलिंडर, दोन्ही बाजूंना दोन जड चाकं, वजन तीनशे किलोच्या वर, ताकद सहा हॉर्सपॉवर. मिनिटाला फक्त ६५० फेरे. आजकालचे जनरेटर १५०० किंवा ३००० फेऱ्यांनी पळतात. हे इंजिन बैलासारखं चालतं. म्हणून झीज कमी, आणि झिजलेला भाग डोळ्यांना दिसतो, हाताने काढता येतो. अल्टरनेटरला मात्र १५०० फेरे लागतात, म्हणून इंजिनाचं मोठं चाक आणि अल्टरनेटरची लहान पुली यांच्यामध्ये पट्टा असतो.

सुरू करायला ताकद लागते, हा मोठा गैरसमज. डोक्यावर एक कळ असते. ती उचलली की सिलिंडरमधली हवा दाबली जात नाही आणि चाक हलकं फिरतं. आधी तेल पाहायचं, पिंपातलं पाणी पाहायचं, वरच्या व्हॉल्व्हच्या दांड्यांवर तेलाचे चार थेंब सोडायचे. मग कळ वर ठेवून हँडल फिरवायचं, वेग घ्यायचा आणि कळ पाडायची. पुढचा जोर चाकाचा असतो, आपला नव्हे. जात्यावर दळलेल्या बाईला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

झोपलेल्यांना उठवा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला वेढा घालायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून गेलं पाहिजे. अंगठ्याचा वेढा असेल तर मनगट मोडतं. दुसरं, इंजिन लागल्यावर हँडल आपोआप सुटून येतं. दांड्याला गंज असेल तर ते अडकतं आणि इंजिनाबरोबर गरगर फिरतं. ते पकडायला जायचं नाही. बाजूला व्हायचं आणि डिझेल तोडायचं. बंद करतानाही नेहमी डिझेलच तोडायचं. कळ उचलून बंद करायची सवय पुष्कळांना असते, त्याने व्हॉल्व्ह खराब होतो.

आणि पदर. गिरणीच्या पट्ट्यात पदर, ओढणी, वेणी अडकून गेलेल्या बायकांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. बातमीत लिहितात 'दुर्दैवी अपघात'. त्या पट्ट्याला जाळी का नव्हती, हे कुणी विचारत नाही. आमच्या गटाने पहिला खर्च केला तो पट्ट्याला आणि चाकांना जाळी बसवण्याचा. दुसरा नियम केला, की इंजिनाजवळ जाणारीने अंबाडा बांधायचा आणि साडीवर शर्ट घालून बटणं लावायची किंवा ओढणीशिवाय ड्रेस घालायचा. यावर वाडीत जेवढी चर्चा झाली तेवढी कर्जाच्या व्याजावरही झाली नव्हती. एका सासूबाईंनी विचारलं, "डोक्यावरून पदर न घेता चारचौघांत?" तिच्या सुनेने उत्तर दिलं नाही, नवऱ्याचा जुना शर्ट मागितला. आज त्या सासूबाई स्वतः शर्ट घालून डिझेल गाळतात.

देखभालीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तेल. या इंजिनाला तेलाचा फिल्टर नसतो. तळातलं तेल उडून सगळीकडे पोचतं आणि घाण तळाशी बसते. म्हणून साधारण शंभर तासांनी तेल बदलायचं आणि बदलताना पोटाचं झाकण उघडून तळ फडक्याने पुसून घ्यायचा. या जातीचं नवं इंजिन घेतलंत तर चालवण्याआधीच हे करा. ओतकामाची वाळू आत राहिलेली असते, ती बेअरिंग खाऊन टाकते. डिझेल गाळूनच भरायचं. टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. नळीत हवा शिरली तर इंजिन लागत नाही. मग पंपाजवळचा नट थोडा सैल करून बुडबुडे संपेपर्यंत डिझेल सोडायचं. बायकांनी हे एकदा पाहिलं आणि मिस्त्रींच्या निम्म्या फेऱ्या वाचल्या. मात्र नोझलमधून उडणाऱ्या फवाऱ्याजवळ हात न्यायचा नाही, तो कातडीच्या आत घुसतो. आणि वेग वाढवण्यासाठी गव्हर्नरच्या स्प्रिंगशी कुणालाही खेळू द्यायचं नाही. बिडाचं चाक प्रमाणाबाहेर फिरलं तर फुटतं.

धूर वाचायला शिकायचा. चुलीच्या धुरावरून लाकूड ओलं की सुकं हे आपण सांगतोच. इथे काळा धूर म्हणजे भार जास्त किंवा हवेची जाळी तुंबलेली. निळा म्हणजे आतलं तेल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल नीट पेटत नाही किंवा त्यात पाणी आहे. कुठल्याही रंगाचा असला तरी तो घरात घ्यायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोग करणारा असल्याचं जाहीर केलं. आपण चुलीच्या धुराविरुद्ध इतकी वर्षं बोलतो आहोत, तेव्हा पडवीत इंजिन बसवून दुसरा धूर ओढवून घेऊ नका.

विजेच्या बाजूला एकच गोष्ट जीव घेणारी आहे. पुष्कळ ठिकाणी जनरेटरची वायर सरळ घराच्या प्लगमध्ये खुपसतात. ती वीज सर्व्हिस वायरने मागे जाते, ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून अकरा हजार व्होल्टची होते, आणि खांबावर चढलेला वायरमन मरतो. आपल्यासाठीच लाइन जोडायला आलेला माणूस. चेंजओव्हर स्विच असल्याशिवाय इंजिनाची वीज घराला जोडायची नाही आणि ते काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायचं.

खर्चाचं खरं सांगते. सहा हॉर्सपॉवरचं इंजिन सुमारे तीन किलोवॅट वीज देतं आणि त्यासाठी तासाला लिटरभर डिझेल पितं. डिझेल लिटरला नव्वद रुपये धरलं तर एका युनिटला नुसत्या डिझेलचेच तीस रुपये पडले. दोन दिवे, पंखा आणि मोबाइल एवढ्यासाठी हे इंजिन चालवणं वेडेपणा आहे. तिथे इन्व्हर्टर नाहीतर सोलर घ्या. शिवाय कमी भारावर तासन्‌तास चालवलं की इंजिनात काजळी धरते. ते लागतं पंपाला, गिरणीला, आणि वादळानंतर आठवडाभर ढग हटत नाहीत तेव्हा. नवा जनरेटर घ्यायचा तर धुराचे नियम १ जुलै २०२३ पासून आणखी कडक झाले आहेत, हेही दुकानात विचारा. मी इंजिनाची जाहिरात करायला आलेली नाही. आहे त्या इंजिनावर कुणाचा ताबा, हा माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्या वाडीपुरता नाही. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात महिला समाख्येतल्या बायका नव्वदच्या दशकात हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. आफ्रिकेत मालीमध्ये त्याच दशकात याच जातीचं संथ इंजिन एका चौकटीवर बसवून त्यावर गिरणी, सडण्याचं यंत्र आणि बॅटरी चार्जर जोडले गेले. अट अशी, की मागणी बायकांच्या मंडळाने करायची आणि यंत्र त्यांच्याच ताब्यात राहायचं. कुठेही मिस्त्री आपणहोऊन पान्हा हातात देत नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने पुन्हा वीज गेली. या वेळी हँडल मारलं चार बायकांनी. पाळ्या लावल्या, वही ठेवली. त्या वहीत तारीख, सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, डिझेल, तेल, कोणाची सही, असे रकाने आहेत. जिला लिहिता येत नव्हतं ती नातीला बसवून लिहून घ्यायची.

आणि इथे खरी गंमत झाली. आदल्या वर्षी इंजिन चालवणाऱ्या मुलाला गट तासाला पन्नास रुपये देत होता. कुणी हूं की चूं केलं नाही. वर चहा मिळायचा तो वेगळाच. बायकांनी चालवल्यावर गटाच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा एकजण म्हणाली, "आपलंच तर आहे, घरच्या कामाचे पैसे कसले?" बघा, इंजिन तेच, डिझेल तेच, धोका तोच. हात बदलले आणि मजुरीचं काम घरकाम झालं. असं म्हणणारी बाईच होती, हेही आपण लपवायला नको. दोन बैठका भांडण झालं. शेवटी वहीतले तास मोजून पन्नासच्या दराने पैसे वाटले गेले.

पण वहीत फक्त इंजिन चालू असतानाचे तास आहेत. डिझेल आणायला तालुक्याला जाणं, ते गाळणं, तेल बदलणं, तळ पुसणं, पिंप भरणं याचे तास कुठेच नाहीत. वहिनीचं म्हणणं आहे की त्यासाठी वेगळा रकाना आखायचा. काकींना भीती वाटते की मग विजेचा दर वाढेल आणि गरीब घरं जोडणी सोडतील. दोघींचंही म्हणणं मला पटतं. पुढच्या बैठकीत तो विषय आहे. तुमच्या गटांमध्ये कुणी असा हिशेब बसवला असेल तर मला जेवणाच्या सुट्टीत गाठा.

आता इथल्या गिरणीवाल्यांनी त्यांचं इंजिन आपल्याला पाऊण तास दिलंय. अंबाडे बांधा, पदर खोचून वर शर्ट चढवा. शर्ट मी पिशवीतून आणलेत, मापाचे मिळतीलच असं नाही. चला.