वजन उतरल्यावर



पुष्कळ दिवसांनीं कोणी भेटलें म्हणजे आपलें पहिलें वाक्य बहुधा समोरच्याच्या शरीराविषयीं असतें. "तब्येत बरीच सुधारलेली दिसते!" किंवा "किती हो वाळलांत!" दोन्ही वाक्यांत आपुलकी असते, परंतु तीं ऐकणाऱ्याच्या मनांत कोठें जाऊन रुततात याची बोलणाऱ्यास कल्पना नसते. आज ज्या माणसांविषयीं मला बोलावयाचें आहे त्यांनीं हीं दोन्ही वाक्यें ऐकलेलीं असतात, आणि तींही कधीं कधीं एका वर्षाच्या आंत. वजन कमी करण्यासाठीं पोटाची शस्त्रक्रिया करून घेतलेलीं तीं माणसें.

ही शस्त्रक्रिया आतां नवलाची राहिलेली नाहीं. २०११ सालीं श्री. नितीन गडकरी यांनीं ती मुंबईंत करून घेतली, तेव्हां तिची पुष्कळ चर्चा झाली. २०१७ सालीं इजिप्तमधून इमान अहमद ही स्त्री याच उपचारासाठीं मुंबईस आली, आणि तिच्या वजनाचे आंकडे कित्येक आठवडे आपण वर्तमानपत्रांत वाचीत होतों. आज ठाण्याच्या मोठ्या रुग्णालयांतूनही ही शस्त्रक्रिया होते; कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला त्यासाठीं फार दूर जावें लागत नाहीं. परंतु आपली उत्सुकता किलोंपाशीं थांबते. किती किलो उतरले हें सगळे विचारतात. उतरल्यावर त्या माणसाचें आणि त्याच्या घराचें काय झालें हें फारसें कोणी विचारीत नाहीं. तेंच आज विचारावयाचें आहे.

प्रथम शस्त्रक्रियेचें स्वरूप थोडक्यांत पाहूं. तिचे दोन प्रकार विशेष रूढ आहेत. 'स्लीव्ह' नांवाच्या प्रकारांत जठराचा सुमारें तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक भाग कापून काढतात व केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. काढलेला भाग पुन्हां जोडतां येत नाहीं. 'बायपास'मध्यें जठराच्या वरच्या बाजूस लहानसा कप्पा करून तो लहान आंतड्याच्या पुढील भागाशीं जोडतात. हा मार्ग अमेरिकेंत आयोवा येथें डॉ. एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं अनुसरला. जठर लहान होतें, एवढाच याचा परिणाम नव्हे. भूक लावणारें 'घ्रेलिन' हें द्रव्य जपानी संशोधकांनीं १९९९ सालीं शोधून काढलें. जठराच्या ज्या भागांत तें मुख्यतः तयार होतें, तोच भाग स्लीव्हमध्यें निघून जातो. म्हणून आरंभीं भूकच मंदावते व वजन झपाट्यानें उतरतें. लाभ खरा आहे. स्वीडनमध्यें १९८७ सालीं सुरू झालेल्या एका मोठ्या पाहणीचा २००७ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, वय वगैरे भेद जमेस धरल्यावर शस्त्रक्रिया केलेल्यांतील मृत्यूंचें प्रमाण इतर उपचार घेणाऱ्यांपेक्षां सुमारें २९ टक्क्यांनीं कमी होतें. पुष्कळांचा मधुमेहही आटोक्यांत येतो. तेव्हां ही शस्त्रक्रिया करूंच नये, असें सांगण्यासाठीं मी येथें आलेलों नाहीं.

मग पश्चात्ताप येतो तो कोठून? तें समजण्यासाठीं आपण एक घर कल्पूं या.

डोंबिवली पूर्वेस राहणारी, चाळिशी ओलांडलेली एक बाई डोळ्यांपुढें आणा. बाई काल्पनिक आहे. तिच्या अडचणी काल्पनिक नाहींत. रोज सकाळीं ती लोकल गाडीनें मुंबईस कामाला जाते. तिघींच्या बाकावर चौथीनें टेकावयाचें, हा आपल्या गाड्यांतला अलिखित कायदा. पण या बाईनें वर्षानुवर्षें चौथी जागा कधीं मागितली नाहीं. मागितली तर बाकावरच्या तिघी कशा पाहतील हें तिला ठाऊक होतें. डोंबिवलीपासून दादरपर्यंत ती उभी राहात असे. पुढें मधुमेह जडला, गुडघे दुखूं लागले, रात्रीं झोपेंत श्वास अडकूं लागला. तेव्हां डॉक्टरांच्या सल्ल्यानें तिनें स्लीव्हची शस्त्रक्रिया करून घेतली. घरांत मात्र एक गोष्ट ठरली: बाहेर सांगावयाचें नाहीं. कोणी विचारलेंच, तर 'पित्ताशयांत खडे झाले होते' असें म्हणावें.

कां सांगावयाचें नाहीं? तर लोक म्हणणार, "तोंडाला आवर घालवेना, म्हणून पोट कापून घेतलें!" स्थूलता म्हणजे आळस आणि खादाडपणा, ही आपली जुनी समजूत. आनुवंशिकता, ग्रंथींचे स्राव, कांहीं औषधें, अपुरी झोप यांचाही त्यांत वांटा असतो हें ती समजूत जाणत नाहीं. दुसरे कोणी म्हणणार, "ती कांहीं एवढी लठ्ठ नव्हती." या आक्षेपाला पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं उत्तर देऊन ठेवलें आहे. २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत त्यांचें व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचें एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झालें. वजनास उंचीच्या वर्गानें भागून जो 'बॉडी मास इंडेक्स' काढतात, तो दोघांचा सारखाच, २२.३. परंतु युडकिनांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के! भारतीय शरीर बाहेरून दिसतें त्याहून आंतून अधिक मेदयुक्त असूं शकतें. म्हणूनच २०२२ सालीं शल्यवैद्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनीं आशियाई लोकांसाठीं शस्त्रक्रियेची मर्यादा २७.५ पर्यंत खालीं आणली. आपल्या विमा नियामक प्राधिकरणानें २०१९ सालीं ठरविलेली मर्यादा मात्र ४० ची, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५ ची आहे. वैद्यकाचा आंकडा आणि विम्याचा आंकडा एक नव्हे, हें खर्चाचा विचार करणाऱ्यांनीं आधींच पाहून ठेवावें.

आपण डोंबिवलीच्या घरीं परत जाऊं. पहिले महिने आनंदांत गेले. एके दिवशीं गाडींत कोणीतरी आपण होऊन सरकून तिला चौथी जागा दिली. घरीं येऊन तिनें ती हकीकत तीन वेळां सांगितली. मग पाडवा आला. डोंबिवलींत १९९९ सालापासून नववर्षाची स्वागतयात्रा निघते, आणि फडके रस्ता नटूनथटून आलेल्या माणसांनीं फुलून जातो. यात्रेहून परतलेलीं सगळीं पंगतीस बसलीं. श्रीखंड तिनेंच घोटलेलें, पुऱ्या तिनेंच तळलेल्या. चार घास झाले आणि छातींत दडपल्यासारखें होऊं लागलें. तेवढ्यांत नणंद म्हणाली, "वहिनी, आजच्या दिवशीं तरी तुमचें पथ्य बाजूला ठेवा," आणि तिनें वाटी भरून वाढलें. गुपित राखावयाचें, म्हणून तिनें आणखी दोन घास घेतले, आणि न्हाणीघरांत जाऊन तिला सगळें ओकून टाकावें लागलें. रात्रीं ओटा पुसतां पुसतां ती स्वतःशींच म्हणाली, "हें मी काय करून बसलें!"

या एका वाक्यांत तीन निरनिराळीं दुःखें गुंतलेलीं असतात, आणि तिन्हींचे उपाय निराळे आहेत.

पहिलें दुःख निव्वळ शरीराचें. वारंवार होणारी वांती, पाणीही न टिकणें, सतत पोट दुखणें, यांना पश्चात्ताप समजून सोसीत बसूं नये. तीं लक्षणें आहेत. तीं त्वरित शल्यवैद्यास सांगावीं. वांती चालूच राहिली तर थायामिन, म्हणजे बी-१ हें जीवनसत्त्व, कमी पडून मज्जातंतूंस कायमची इजा होऊं शकते. वजन झपाट्यानें उतरलें म्हणजे पित्ताशयांत खडे धरतात. लोकांना सांगितलेलें खोटें कारण अशा रीतीनें खरेंही ठरूं शकतें! तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून केस गळूं लागतात. ते बहुधा पुन्हां येतात, परंतु हें आधीं सांगितलेलें नसलें तर स्त्रिया घाबरून जातात. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व यांच्या गोळ्या व ठराविक मुदतीनें रक्ततपासणी हीं जन्मभर चालू ठेवावीं लागतात. शाकाहारी घरांत बी-१२ आधींच कमी असतें. 'आतां मला बरें वाटतें' म्हणून गोळ्या सोडणाऱ्याच्या हातापायांना कांहीं काळानें मुंग्या येऊं लागतात. तरुण स्त्रियांनीं शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी, असाही वैद्यांचा सल्ला असतो.

दुसरें दुःख ताटाचें. आपल्याकडे जेवण हें केवळ पोषण नसतें. तें सांत्वन असतें, मानपान असतो, मैत्री असते. कामावरून दमून आल्यावर स्टेशनबाहेर घेतलेला गरम वडापाव हा पुष्कळांचा दिवसांतला एकमेव विसांवा असतो. तो सुटला म्हणजे जुना सोबती गेल्यासारखें होतें, आणि 'खाण्यासाठीं काय रडावयाचें!' असें म्हणून आपण त्या दुःखाला हंसतों. त्याला हंसूं नये. त्याच्या जागीं दुसरें कांहीं शोधावें लागतें, आणि त्याला वेळ लागतो. कोणी त्या जागीं दारू आणून बसवितो. बायपास झालेल्यांत दुसऱ्या वर्षीं मद्याचें व्यसन वाढतें, असें अमेरिकेंतील २०१२ सालच्या एका अभ्यासांत दिसून आलें.

तिसरें दुःख अपेक्षेचें. सगळ्या अपयशांचें खापर ज्याच्यावर फोडलें तें वजन उतरतें, आणि अपयशें जागच्या जागीं राहतात. अबोल नवरा अबोलच असतो. बढती मिळालेली नसते. उलट दंडावर, पोटावर सैल कातडी लोंबूं लागते. दोन-तीन वर्षांनीं थोडें वजन परत येतें, आणि 'एवढें करूनही मी हरलें' असें वाटूं लागतें. थोडें वजन परत येणें हें अपेक्षित आहे. तो पराभव नव्हे. २०२५ सालीं वजन उतरविणारीं नवीं इंजेक्शनें भारतांत आलीं, तेव्हां 'थोडें थांबलें असतें तर!' हीही एक रुखरुख निर्माण झाली. परंतु असें औषध बंद केल्यावर उतरलेलें वजन बरेंचसें परत येतें, हें २०२२ सालच्या एका पाहणींत आढळलें आहे; तो मार्गही सुटसुटीत नाहीं.

हीं दुःखें वाढत गेलीं तर मन खचतें. कॅनडांतील ऑंटॅरिओ प्रांतांत ८,८१५ रुग्णांचा अभ्यास झाला. तो २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतरच्या तीन वर्षांत स्वतःस इजा करून घेण्याच्या घटना आधीच्या तीन वर्षांपेक्षां सुमारें दीडपट झाल्या. अशा घटना १११ जणांच्या बाबतींत घडल्या. म्हणजे बहुतेक रुग्ण सुखरूप होते. पण त्या १११ जणांच्या घरच्यांस ही सरासरी काय उपयोगाची?

येथें आपल्या भागांतली एक अडचण सांगितली पाहिजे. ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालचें. तेव्हांपासून 'याला ठाण्याला पाठवा' ही थट्टा महाराष्ट्रभर चालत आली आहे, आणि तिच्या धाकानें आपण ठाणेंकरच मनाच्या डॉक्टरकडे जावयास कचरतों. वास्तविक याच ठाण्यांत डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं १९९० सालीं 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था काढली व मनाविषयीं उघडपणें बोलण्याचा पाठ घालून दिला. २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथें मराठींतही बोलतां येतें. शस्त्रक्रियेपूर्वीं मनाची तपासणी होते, तशी ती नंतरही व्हावी.

आणि घरानें काय करावें? फार मोठें कांहीं नाहीं. वाटी लहान घ्यावी. घोट-घोट पाणी दिवसभर असावें, जेवतांना नसावें. पहिला घास उसळीचा, पनीरचा, अंड्याचा किंवा माशाचा असावा, भात मागून. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी पुढें करण्याऐवजीं घट्ट दहीं द्यावें, आणि कडक उपासाचा आग्रह धरूं नये. गोळ्यांची आठवण द्यावी, पण पहारेकऱ्यासारखी देऊं नये. शरीरावर टीका नको, तशी स्तुतीही रोज नको. सर्वांत महत्त्वाचें, गुपिताचें ओझें रुग्णावर लादूं नये. कोणाला सांगावयाचें हें त्यानें ठरवावें. परंतु ज्यांच्या पंगतीस तो नेहमीं बसतो त्यांना तरी ठाऊक असावें. शस्त्रक्रिया एकाच्या पोटावर होते. जुळवून घ्यावें लागतें तें सगळ्या घराला. ज्या घरानें ही तयारी आधीं केली नाहीं, तेथें पश्चात्ताप येणारच. आणि तेवढ्यावरून शस्त्रक्रिया चुकली असें मात्र ठरत नाहीं. म्हणून निर्णय घेण्यापूर्वीं डॉक्टरांच्या खोलींत रुग्णाबरोबर घरांतलें जो स्वयंपाक करतें आणि जो वाढतें, तेंही माणूस बसलेलें असावें.

आपल्या डोंबिवलीच्या घरांत पुढच्या पाडव्याला असें झालें असें समजूं. नणंदेनें पुन्हां वाटी उचलली. सासूबाईंनीं ती तिच्या हातांतून घेतली, लहान वाटींत दोन चमचे श्रीखंड घातलें आणि सर्वांदेखत म्हटलें, "तिचें पोटाचें ऑपरेशन झालें आहे, तिला एवढेंच पुरतें. तूं जेव." नणंद क्षणभर गप्प राहिली, मग तिनें विचारलें, "वहिनी, दुखतें का हो अजून?" बाईनें सांगावयास आरंभ केला. पंगत उठली तरी त्या दोघी पानांवर बसून बोलत होत्या.