जुन्या जीपखाली वाकून पाहा



पावसाळा सरला. औतं-अवजारं आपण पुसून, तेल लावून ठेवतो. पण घरच्या जुन्या जीपखाली कधी वाकून पाहिलंत का? वरून रंग झकास अन् खालून लोखंड पोखरलेलं, असं पुष्कळदा आढळतं.

चिखल चासीच्या सांदीत साचतो आणि ओल धरून ठेवतो. त्यात खताची पोती वाहिली, तर सांडलेलं पोटॅश मिठासारखंच लोखंड खातं. कोकणात खारी हवा त्यात भर घालते.

आधी तळ धुऊन वाळवा. गाडी टणक, सपाट जागी लावून चाकांना दगड द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मुळीच शिरू नका. भक्कम लाकडी ठोकळे द्या.

आता चासी आणि पाटे बसवलेल्या जागा हातोडीनं हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर बहुधा ठीक. आवाज बद्द आला, पापुद्रे सुटले किंवा पेचकस आत घुसला, तर गाडी रस्त्यावर काढू नका. ब्रेकच्या नळ्या ठोकू नका, नीट निरखून पाहा. गंजून खड्डे पडलेली नळी बदलाच. ती ऐन घाटात फुटली, तर ब्रेक लागायचा नाही.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशनं खरवडून रेड ऑक्साइड व रंग लावा. खोल गंजावर रंग फासून उपयोग नाही. सडका भाग कापून कसबी कारागिराकडून नवा जोडून घ्या.

त्याच गाडीत आपली पोरंबाळं बसतात. तेव्हा एक सकाळ एवढ्यासाठी काढाच.