पिकअप गाडीत हॅम रेडिओ बसवताना
(कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



या कार्यक्रमात आपण एरवी बियाणं, खतं, फवारणी यांवर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या दारात पिकअप उभी असते. सकाळी तिच्यातून भाजी बाजाराला जाते, दुपारी पेंडीची पोती येतात, आणि रात्री-अपरात्री कुणी आजारी पडलं तर तीच दवाखान्याची गाडी होते. या गाडीत दुतर्फी रेडिओ, म्हणजे ज्यावर ऐकताही येतं आणि बोलताही येतं असा हॅम रेडिओ, कसा बसवावा हे आज सांगणार आहे.

तुम्ही म्हणाल, खिशात मोबाईल असताना हे खटलं कशाला? प्रश्न रास्त आहे. पण मोबाईल चालतो टॉवरवर आणि टॉवर चालतो विजेवर. पूर आला, वीज गेली, टॉवरची बॅटरी आणि डिझेल संपलं, की मोबाईल नुसता वेळ बघायच्या कामाचा उरतो. हॅम रेडिओला मध्ये टॉवर लागतोच असं नाही. एका संचातून निघालेल्या लहरी थेट दुसऱ्या संचात जातात. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला, २००१ साली कच्छचा झाला, २००४ च्या डिसेंबरात अंदमानात त्सुनामी आली. या तिन्ही वेळी नेहमीची यंत्रणा कोलमडली तेव्हा हौशी रेडिओ चालकांनी निरोप पोहोचवले.

माझी फजिती

दुसऱ्याला उपदेश करण्याआधी माझीच चूक सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, तेव्हा मी माझी पिकअप घेऊन शिरोळ तालुक्यात मदतीला गेलो होतो. गाडीत रेडिओ होता, परवाना होता, उत्साह तर विचारूच नका. एका वस्तीवर पाण्यात अडकलेली बाळंतपणाला आलेली लेक होती. तिच्यासाठी होडी पाठवा, एवढाच निरोप मदत केंद्रात बसलेल्या आमच्या सोबत्याला द्यायचा होता. त्याचा आवाज मला खणखणीत ऐकू येत होता. मी माईकचं बटण दाबलं की मात्र संचाचा दिवा मंद व्हायचा आणि संच बंद पडायचा. सोडलं की पुन्हा चालू. दाबलं की पुन्हा बंद. पाऊण तास असा गेला. शेवटी संचाची शक्ती अगदी खालच्या टप्प्यावर आणली, गाडी चढावर घेतली, तेव्हा कुठं माझा आवाज पोहोचला. होडी आली, लेक सुखरूप गेली. पण तो पाऊण तास मी अजून विसरलो नाही.

झालं होतं काय? संच बसवताना मी घाई केली. गाडीच्या लायटरची बारीक तार हाताशी होती, तिलाच जोड मारून घेतला. घरासमोर दोन शब्द बोलून पाहिले, चाललं. इंजिन चालू होतं म्हणून चाललं. त्या दिवशी इंजिन बंद करून तासन्‌तास ऐकत बसलो होतो, बॅटरी उतरत आली होती, आणि बारीक तारेनं उरलेला दाब खाल्ला. म्हणून आजच्या भाषणात जास्त वेळ तारेवरच बोलणार आहे.

आधी परवाना, मग संच

हॅम रेडिओला सरकारचा परवाना लागतो. परवान्याशिवाय बोलणं तर सोडाच, असा संच जवळ बाळगणंही गुन्हा होऊ शकतो. म्हणून स्वस्त मिळतो म्हणून आधी संच मागवू नये. परवाना केंद्राचं दूरसंचार खातं देतं. त्यासाठी परीक्षा असते. विजेची साधी माहिती, रेडिओचं तत्त्व आणि नियम एवढा तिचा अभ्यास. दहावीचं विज्ञान आठवत असेल त्याला कठीण नाही. परवान्याचे दोन दर्जे आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. सुरुवातीला रिस्ट्रिक्टेड पुरतो. पास झालात की तुमचं स्वतःचं संकेतनाव मिळतं. ते ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतं. प्रत्येक बोलण्याच्या आरंभी आणि शेवटी ते उच्चारायचं असतं. गाडीत संच बसवायचा आहे हे अर्जाच्या वेळीच विचारून घ्यावं, आणि परवान्यात लिहिलेल्या शक्तीपेक्षा जास्त शक्ती वापरू नये.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा रेडिओ धंद्यासाठी नाही. टोमॅटोचा भाव काय निघाला, गाडी कुठवर आली, हे या रेडिओवर बोलायचं नाही. ते मोबाईलवर बोलावं. हा रेडिओ शिकण्यासाठी, हौशी चालकांच्या आपसातल्या बोलण्यासाठी आणि अडीअडचणीच्या वेळी लोकांच्या मदतीसाठी आहे.

वीज कुठून घ्यावी

आता मुख्य मुद्दा. गाडीत बसवायचा ५० वॉटचा संच नुसता ऐकताना अर्धा अँपिअरच्या आसपास वीज घेतो. बोलताना तोच १० ते १२ अँपिअर ओढतो. म्हणजे वीस पट. ऐकू येतं म्हणून जोडणी बरोबर आहे असं समजू नका. खरी परीक्षा बटण दाबल्यावर होते.

तुम्ही विहिरीपासून लांबच्या रानात मोटर बसवली आणि केबल बारीक टाकली, तर काय होतं? मोटर गुरगुरते, तापते, पण पाणी ओढत नाही. इथंही तेच. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली आणि बॅटरीपासून संचापर्यंत ५ मीटर नेली, तर जाऊन-येऊन १० मीटर होते. तिच्यातून १० अँपिअर गेले की पावणेदोन व्होल्टहून जास्त दाब तारेतच जिरतो. बंद इंजिनात बॅटरी साडेबारा व्होल्टची. संचापाशी उरले पावणेअकरा. बहुतेक संच पावणेबाराच्या खाली नीट चालत नाहीत. तीच तार ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर अर्धा व्होल्टसुद्धा जात नाही. दोन्ही तारांच्या किमतीतला फरक एका फवारणीच्या खर्चाएवढाही नाही.

म्हणून लायटर, हॉर्न किंवा दिव्याच्या तारेला जोड न मारता संचाची धन तार सरळ बॅटरीच्या धन टोकापासून आणावी. तिला बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज बसवावा. किती अँपिअरचा, ते संचाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. फ्यूज संचाजवळ बसवून उपयोग नाही. मधली तार घासून चॅसीला टेकली तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा जळतो, आणि डिझेलच्या गाडीत आग म्हणजे थट्टा नाही. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी तारेचा तुकडा तर कधीच गुंडाळू नये.

ऋण तार बॅटरीची काळी केबल जिथं चॅसीला बोल्टनं आवळलेली असते तिथं जोडावी. नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर कधी कधी बॅटरीची मोजदाद ठेवणारं उपकरण असतं. थेट टोकावर जोडलं तर त्याचा हिशेब चुकतो. तार पत्र्यातून आत नेताना भोकाला रबराचं बूच घालावं. पत्र्याची धार तारेचं आवरण सहा महिन्यांत कापते.

मोठ्या ट्रकवाल्यांसाठी सूचना: तुमच्या गाडीत दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. त्यावर हा संच जोडला तर तो क्षणात जळेल. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढणंही बरं नाही, ती बॅटरी लवकर मरते. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर घ्यावा.

एरियल टपावरच

संच कितीही भारी असला तरी आवाज बाहेर जातो तो एरियलमधून. आपल्याकडे गाडीतून बोलायला १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झचा पट्टा सोयीचा. या पट्ट्यावर एक लहर साधारण २ मीटर ७ सेंटिमीटर लांब असते. तिचा चौथा भाग म्हणजे साधी एरियलची काठी. प्रत्यक्षात ती ४९-५० सेंटिमीटर भरते, हातभर म्हणा ना.

ही काठी केबिनच्या टपाच्या मधोमध उभी करावी. टपाचा लोखंडी पत्रा हा एरियलचा दुसरा अर्धा भाग आहे असं समजा. हौद्याच्या फाळक्यावर बसवली तर कडबा किंवा क्रेट भरल्यावर ती मालाआड जाते, आणि दोरी आवळताना मोडते ती वेगळीच. टपाला भोक पाडायचं नसेल तर चुंबकाची बैठक मिळते. ती लोखंडी पत्र्यावर घट्ट बसते, पण खालची धूळ रोज पुसावी. भोक पाडून बसवणार असाल तर बैठकीखालचा रंग नाण्याएवढा खरवडून पत्र्याशी नीट धातूचा सांधा करावा आणि वरून पाणी शिरणार नाही असं बुजवावं. एरियलची केबल दारात चेमटू देऊ नये. आत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ ठेवावा, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत संचात येत नाही.

बसवल्यावर एस.डब्ल्यू.आर. मीटर लावून पाहावा. दंडाचं पाणी बांधावर आपटून मागं फिरावं, तशी एरियल जुळली नाही तर शक्ती संचाकडे परत फिरते. मीटरवर दीडच्या आत आकडा आला तर उत्तम. दोनच्या वर असेल तर पूर्ण शक्तीनं बोलू नये. १४४ वर आकडा कमी आणि १४६ वर जास्त दिसला तर काठी लांब आहे. दोन-दोन मिलिमीटर कापत जावं, कारण कापलेलं परत जोडता येत नाही. ही तपासणी मोकळ्या रानात करावी, पत्र्याच्या शेडमध्ये नको. आणि एरियल जोडलेली नसताना माईकचं बटण चुकूनही दाबू नये.

संच कुठं बसवावा

डॅशबोर्डवर उन्हात संच भाजतो. सीटखाली चिखल आणि धूळ. बरी जागा म्हणजे डॅशबोर्डच्या खाली, डाव्या बाजूला, जिथं मागून हवा खेळेल. गिअर, हँडब्रेक आणि पायांच्या आड तो येता कामा नये. एअरबॅग असलेल्या गाडीत तिच्या झाकणासमोर काहीही ठोकू नये. खड्ड्याच्या रस्त्यानं नट ढिले होतात, म्हणून स्प्रिंग वॉशर घालावा.

इंजिन चालू असताना संचात शीळ घातल्यासारखा आवाज येत असेल आणि इंजिनच्या वेगाबरोबर तो चढत-उतरत असेल, तर तो अल्टरनेटरचा. वीज सरळ बॅटरीवरून घेतली आणि ऋण तारेचा सांधा पक्का केला की बहुतेक वेळा तो कमी होतो.

बोलताना

गाडी चालवत बोलू नका, बाजूला उभी करा. हौद्यात माणसं बसलेली असतील तर एरियलला कुणाचा हात लागत नाही ना ते पाहूनच बटण दाबा. विजेच्या तारांखाली गाडी उभी करू नका. आभाळ गडगडू लागलं तर बोलणं थांबवा. या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात, त्यामुळं खळग्यात आवाज गेला नाही तर टेकावर चढा.

इंजिन बंद ठेवून किती वेळ चालेल? पाव वेळ बोललात आणि पाऊण वेळ ऐकलंत, तर ८ तासांत २३-२४ अँपिअर-तास वीज जाते. ७० च्या चांगल्या बॅटरीचा हा तिसरा हिस्सा झाला. जुन्या बॅटरीवर एवढा भरवसा ठेवू नये. दोन-तीन तासांनी थोडा वेळ इंजिन चालू करावं, नाहीतर पुरात अडकलेल्या गाडीला धक्का मारायला माणूस मिळायचा नाही.

लक्षात ठेवा
१. आधी परवाना, मगच संच.
२. तार जाड आणि सरळ बॅटरीवरून.
३. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात.
४. एरियल केबिनच्या टपावर, मधोमध.
५. एरियलशिवाय बटण दाबू नये.
६. मृगाच्या आधी एकदा इंजिन बंद ठेवून, पूर्ण शक्तीवर बोलून तपासणी करावी.

यातलं सहावं कलम मी स्वतः पाळलं असतं तर त्या लेकीला पाऊण तास पाण्यात वाट पाहावी लागली नसती. तुम्ही पाळा. पेरणीआधी आपण पाभर तपासतो, तसाच पावसाआधी रेडिओ तपासा. देव करो आणि त्याची गरज न पडो. पण पडलीच, तर बटण दाबल्यावर तुमचा आवाज पलीकडे पोहोचला पाहिजे.