हेलपाटा
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

खुर्च्या रिकाम्या असूनही मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या तरुण मित्रांनो,

उत्सव समितीची मुलं माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, यंदा आपल्या सोसायटीतली सहा-सात जणं नोकरीला लागली. कुणी बँकेत, कुणी मोबाईलच्या शोरूममध्ये, एक ताई नागपूरला दवाखान्याच्या रिसेप्शनवर. त्यांना ग्राहकसेवेच्या चार गोष्टी सांगा." मी एका बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक काउंटरवर. म्हणून हा मान मला मिळाला. पण भाषणाचं लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की चार गोष्टी काही मला येत नाहीत. एकच येते, आणि तीसुद्धा दोनदा चुकून शिकलो. ती गोष्ट म्हणजे हेलपाटा. आपल्याकडे आपण 'चकरा' म्हणतो.

आधी एक पाटी आठवा. बँकेत, पोस्टात, दुकानात तुम्ही ती पाहिली असेल. ग्राहकाचं मोठेपण सांगणारी पाच-सहा वाक्यं आणि खाली महात्मा गांधींचं नाव. काही पाट्यांवर 'दक्षिण आफ्रिका, १८९०' असंही असतं. माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे ती वीस वर्षं टांगलेली होती. आता आपण वर्ध्याचे लोक, आपल्याला तरी हिशेब कळायला पाहिजे. १८९० साली गांधीजी लंडनला बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते. दक्षिण आफ्रिकेत ते पोचले १८९३ मध्ये. तशाच अर्थाचा मजकूर १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या व्यापारी लिखाणात छापलेला सापडतो. म्हणजे वाक्यं चांगली, पण नाव उसनं. मला मात्र त्या पाटीची वेगळीच लाज वाटते. ती माझ्या पाठीमागे होती. वाचायची समोरच्याने, आणि वागायचं होतं मी.

आता पहिली चूक.

साल २००८. जुन्या लोकांना आठवत असेल, शेतकरी कर्जमाफीचं वर्ष. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातले जे सहा जिल्हे होते, त्यात आपला वर्धा होता. त्यामुळे शाखेत जत्रा भरल्यासारखी गर्दी. त्या गर्दीत देवळी तालुक्यातल्या एका खेड्यातली एक म्हातारी बाई यायची. नवरा वारला होता. त्याच्या बचत खात्यात अकरा हजारांच्या आसपास रक्कम होती, ती तिला हवी होती.

पहिल्या दिवशी मी तिला सांगितलं, "मावशी, मृत्यूचा दाखला आणा." तिने आणला. मग सांगितलं, "पासबुक आणि तुमचा फोटो लागेल." तेही आणलं. तिसऱ्या वेळी सांगितलं, "तुमच्या मुलांच्या संमतीच्या सह्या पाहिजेत." चौथ्या वेळी ती आली तेव्हा मी म्हणालो, "आता एक जामीनदार घेऊन या."

तिने डोक्यावरचा पदर सावरला आणि शांतपणे म्हणाली, "बाबू, का का पायजे ते एकडाव सांगून दे ना. दर डावी एकेक कागद काहून सांगतं?"

लक्षात घ्या, तिच्याशी कुणी उद्धट बोललं नव्हतं. मी तिला मावशी म्हणत होतो. बसायला खुर्ची देत होतो. एकदा चहासुद्धा पाजला होता. मी सांगितलेला एकही कागद नियमाबाहेरचा नव्हता. तरीही कापूस वेचणीच्या दिवसांत, जेव्हा किलोवर मजुरी मिळते, तेव्हा तिचे चार दिवस बुडाले आणि चार वेळा एसटीचं जाण्या-येण्याचं भाडं गेलं. ते सगळं त्या अकरा हजारांतूनच जाणार होतं. मी गोड बोलून तिचे पैसे कमी करत होतो.

त्या दिवशी मी पैसे भरायच्या स्लिपच्या मागे मोठ्या अक्षरात राहिलेलं सगळं लिहिलं. जामीनदाराने काय काय आणायचं तेही. शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोराकडून तिला वाचून दाखवलं. खाली माझं नाव लिहिलं आणि मी कोणत्या टेबलावर बसतो तेही. पुढच्या खेपेला तिचं काम झालं. जाताना तिने ती स्लिप परत द्यायला काढली. तिला वाटलं, ती बँकेची आहे.

ती गेल्यावर मी तिच्या नवऱ्याचा खातं उघडण्याचा जुना फॉर्म काढून पाहिला. नामनिर्देशनाची, म्हणजे नॉमिनीची जागा कोरी होती. ती भरलेली असती तर मुलांच्या सह्या आणि जामीनदार यांची भानगडच आली नसती. फॉर्म घेताना समोर बसलेल्या आमच्याच कुणीतरी "इथे काय लिहायचं ते समजलं का?" एवढं विचारलं असतं तर पुरत होतं. तिच्या चकरा नवरा गेल्यावर सुरू झाल्या नव्हत्या. खातं उघडलं त्या दिवशीच त्यांची तयारी झाली होती.

मी असं का केलं, याचा नंतर खूप विचार केला. आळस म्हणावा तर मी संध्याकाळी सातपर्यंत बसत होतो. खरं कारण असं की, एकेक कागद सांगितला की समोरची रांग पटकन पुढे सरकते. माझं टेबल त्या घटकेपुरतं मोकळं होतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात काम झालेलं नसतं, फक्त माणूस घरी गेलेला असतो. तो परत येतो, रांग पुन्हा तेवढीच होते, आणि आपण म्हणतो, "काय गर्दी आहे हो!" त्यातली निम्मी गर्दी आपणच बोलावलेली असते.

तर मुलांनो, पाया एवढाच. समोर माणूस आला की आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्या. तो मागतो ते आणि त्याला लागतं ते, या दोन गोष्टी कधी कधी वेगळ्या असतात. "स्टेटमेंट द्या" म्हणणाऱ्याला मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी फक्त पासबुकाचं पहिलं पान हवं असतं. "कशासाठी पाहिजे होतं?" हा एक प्रश्न त्याची एक चक्कर वाचवतो. मग जे लागतं ते सगळं एकदम सांगा, आणि लिहून द्या. तोंडी सांगितलेलं बस स्टँडपर्यंत टिकत नाही. काम कधी होईल ते सांगा. होणार नसेल तर आजच नाही म्हणा. "बघू, पुढच्या आठवड्यात या" हे सर्वांत महाग वाक्य आहे. माहीत नसेल तर "विचारून सांगतो" म्हणा आणि खरंच विचारा. त्याला दुसऱ्या टेबलावर पाठवायचं असेल तर आधी त्या टेबलावर माणूस आहे का ते बघा.

आणि कुणी चिडून आला तर? चिडलेला माणूस बहुतेक वेळा तिसऱ्या चकरेचा असतो. पहिल्या दोन चकरा कुणी मारायला लावल्या ते शोधा, चूक आपली असेल तर माफी मागा, आणि दुरुस्ती स्वतः करा. मात्र शिवीगाळ सहन करा, असं मी सांगणार नाही. तिथे साहेबांनी तुमच्या बाजूने उभं राहायला हवं.

ही काही माझ्या एकट्याची अक्कल नाही. १९९० साली रिझर्व्ह बँकेने बँकांतल्या ग्राहकसेवेसाठी गोईपोरिया समिती नेमली होती. त्या समितीने सुचवलं की कर्मचाऱ्यांनी व्यवहाराच्या वेळेआधी पंधरा मिनिटं कामावर यावं आणि वेळ संपण्यापूर्वी जे लोक आत आले आहेत त्या सगळ्यांचं काम करावं. बघायला किती साधी गोष्ट! पण समिती नेमून सांगावी लागली. आपल्या राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. सरकारी कार्यालयांतल्या अधिसूचित सेवांसाठी मुदत किती, जबाबदार अधिकारी कोण, अपील कुणाकडे, हे फलकावर लावावं लागतं आणि अर्जाची पोच द्यावी लागते. मला विचाराल तर तो हेलपाट्याच्या विरोधातलाच कायदा आहे.

आता हेलपाटे फोनवरही होतात. "एक दाबा, दोन दाबा" करत माणूस पुन्हा पहिल्याच जागी येतो. ओटीपी मुलाच्या मोबाईलवर जातो आणि मुलगा पुण्याला. आयुष्यभर शेतात राबलेल्या म्हाताऱ्याचं बोट यंत्रावर उमटत नाही. अशा वेळी "सिस्टिम घेत नाही" म्हणून थांबू नका. दुसरा मार्ग कोणता, तेही तुम्हीच सांगायचं. यंत्राला ते सांगता येत नाही, म्हणून तर तुम्हाला तिथे बसवलं आहे.

आता दुसरी चूक. ही जास्त जवळची आहे.

निवृत्त झाल्यावर तुम्ही मला या सोसायटीचा सचिव केलं. आपल्या एका सभासदांचं निधन झालं. त्यांच्या पत्नी इथेच बसल्या आहेत, त्यांना विचारूनच सांगतो. फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट त्यांच्या नावावर व्हायचं होतं. मी म्हणालो, "वहिनी, अर्ज द्या." मग म्हणालो, "दाखल्याची प्रत जोडा." मग, "मूळ सर्टिफिकेट लागेल." वहिनी राहतात तिसऱ्या मजल्यावर, आपल्याकडे लिफ्ट नाही आणि त्यांचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. चौथ्या वेळी त्या एक कोरा कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, अजून काही राहिलं असेल तर यावर एकदाच लिहून द्या."

मला तळपायापासून ती देवळीकडची मावशी आठवली. दहा वर्षांनी, दुसऱ्या टेबलावर, मी तेच करत होतो. म्हणजे ही गोष्ट एकदा शिकून संपत नाही. खुर्ची बदलली की पुन्हा शिकावी लागते. आणि इथे तर त्या ग्राहकही नव्हत्या. सहकारी संस्थेत सभासद मालक असतो. मी मालकाला जिने चढायला लावत होतो.

वहिनी, तेव्हा मी तुमची माफी मागितली नव्हती. आज सगळ्यांसमोर मागतो.

पाटी खोटी निघाली तरी आपलं सेवाग्राम खरं आहे. तिथे परचुरे कुटी आहे, आपण पाहुण्यांना दाखवतो. परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने आजारी होते आणि त्या काळी अशा माणसाला गावाबाहेर ठेवत. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं, त्यांच्यासाठी कुटी बांधली आणि स्वतःच्या हाताने त्यांची शुश्रूषा केली. मला त्यातलं एकच घ्यावंसं वाटतं. चालत जायचं होतं ते रोग्याने नाही, गांधीजींनी.

म्हणून या पंचविसाव्या वर्षी माझी कार्यकारिणीला एक विनंती आहे. नामनिर्देशन, फ्लॅटची विक्री, भाडेकरू, गळतीची तक्रार, वारसाचं नाव, या पाच कामांसाठी काय काय लागतं आणि किती दिवस लागतात, याचं प्रत्येकी एक पान करून नोटीस बोर्डावर लावा. मजकूर मी लिहून आणला आहे, आता अध्यक्षांच्या हातात देतो. आणि वयस्क सभासदांचा अर्ज घ्यायला सचिवाने वर जावं.

नामनिर्देशनाचे कोरे फॉर्मही सोबत आणले आहेत. ज्यांनी भरला नसेल त्यांनी आज जेवायला बसण्यापूर्वी भरून द्यावा. जेवणाची रांग मोठी आहे, तोवर होईल. काय लिहायचं ते मी शेजारी बसून सांगतो.